पियानोलाची नळी नाशकात: कोणत्या दुकानातली टिकते, कोणती नाही

पियानोला म्हणजे छिद्रं पाडलेल्या कागदी रोलवरून, हवेच्या ओढीने (सक्शनने) आपोआप वाजणारा पियानो. तो उघडला की चामडं, कापड आणि सरस यांची जुळवाजुळव आधी होते. नळी शेवटी आठवते, आणि काम अडतं ते तिथेच. देवळालीच्या एखाद्या जुन्या बंगल्यातून निघालेला असो की मुंबईच्या चोर बाजारातून उचललेला, शंभरेक वर्षांच्या यंत्रातली रबरी नळी हात लावताच बिस्किटासारखी तुटते. परदेशातून खास नळीची गुंडाळी मागवता येते, पण तिचा वाहतूक खर्च आणि जकात पाहून बहुतेक जण इथल्या दुकानांकडे वळतात. नाशकात कुठे काय मिळतं आणि त्यातलं कोणतं यंत्रात टिकतं, तेवढंच इथे लिहितो आहोत. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्याच दुकानात पुढच्या बंडलाचा माल दुसऱ्याच कारखान्याचा निघतो, मग नाव लक्षात ठेवून उपयोग काय?

आधी गरज किती ते पाहू. १९०८ साली अमेरिकेत बफेलोला कारखानदारांनी बसून रोलचं माप ठरवलं: कागद ११¼ इंच रुंद, इंचाला ९ छिद्रं, एकूण ८८ सूर. त्यापूर्वीच्या ६५ सुरांच्या यंत्रात इंचाला ६ छिद्रं असतात. ८८ सुरांच्या यंत्रात ट्रॅकर बारच्या (रोलचा कागद जिच्यावरून सरकतो त्या छिद्रांच्या पट्टीच्या) प्रत्येक छिद्रामागे पितळेचं एक निपल, म्हणजे बारीक तोटी, आणि तिथून व्हॉल्व्हच्या पेटीपर्यंत एक नळी. सरासरी ४० सेंटिमीटर धरली तरी ३५ मीटर झाली. त्यात सस्टेन आणि सॉफ्ट पेडल आणि रोल परत गुंडाळणारा रिवाइंड यांच्या नळ्या आणि कापण्यातली नासाडी मिळवा. ४० मीटर हाताशी असल्याशिवाय जुनी नळी उपटू नये. अर्ध्यात माल संपला आणि उरलेल्या सुरांना दुसऱ्या जाडीची नळी लावली, की कोणता सूर का उशिरा वाजतो याचा शोध पुढे महिनोन्‌महिने चालतो.

८८ सुरांच्या बहुतेक यंत्रांना आतून ५/३२ इंच, म्हणजे जवळजवळ ४ मिमीची नळी लागते. तरी अंदाजाने जाऊ नका. निपलचं बाहेरचं माप व्हर्नियरने घ्या आणि नळीचं आतलं माप त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. म्हणजे ती ताणून बसते, क्लिप किंवा गोंद लागत नाही. बाहेरच्या मापालाही मर्यादा आहे. इंचाला ९ छिद्रं म्हणजे दोन छिद्रांत २.८ मिमी अंतर. निपलं तीन ओळींत असतील तर एका ओळीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ८.४ मिमी मिळतात. ७ मिमी जाडीची नळी तिथे आरामात बसते, ८ ची दाटीवाटीने, ९ ची बसतच नाही. म्हणून दुकानात मागायचं माप ४ बाय ७. भिंत दीड मिलिमीटर पडते आणि कोपऱ्यात वळवली तरी नळी चिमटत नाही.

दुकानात पहिला घोटाळा मापाच्या भाषेतच होतो. न्यूमॅटिकच्या दुकानात ‘सहाची द्या’ म्हटलं तर बाहेरून सहा आणि आतून चार अशी नळी मिळते. रबराच्या किंवा मोटार स्पेअरच्या दुकानात तेच शब्द वापरले तर आतून सहा. दोघेही बरोबर असतात, फक्त एक ओडी (बाहेरचा व्यास) बोलतो आणि दुसरा आयडी (आतला व्यास). दोन्ही आकडे सांगा आणि सोबत ड्रिल बिटं न्या: ३.५, ४ आणि ४.५ मिमीची. मऊ नळीत व्हर्नियरचे जबडे घातले की रबर दबतं आणि माप काहीच्या काही दाखवतं. त्यापेक्षा ४ च्या बिटाचा गुळगुळीत दांडा नळीत सरकवून पाहा. तो हलकेच अडकत आत गेला तर माल बरोबर. ३.५ चा दांडा घट्ट बसत असेल तर नळी लहान आहे, ४.५ चा सहज जात असेल तर मोठी.

आता एकेक दुकान घेऊ.

मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक हवेची नळी सगळ्यांत स्वस्त, आतून नेमकी ४ मिमी आणि कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात सहज हाती लागणारी. त्यामुळेच सर्वांत जास्त यंत्रांत ती घुसलेली दिसते. आमचं मत सरळ आहे: घेऊ नका. ती पीव्हीसी असते आणि भिंत जेमतेम १ मिमीची, त्यामुळे पहिल्याच वळणावर चिमटते. पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो हळूहळू बाहेर पडतो, नळी पिवळी होते, कडक होते, आणि ताणून बसवलेलं तोंड पुन्हा आवळत नाही, सैलच राहतं. शिवाय जिथे ती पॉलिश केलेल्या लाकडाला टेकून राहते तिथे चपड्याचं पॉलिश मऊ पडून नळीचा वळ उमटतो. तो वळ काढायचा तर सगळी फळी पुन्हा पॉलिश करावी लागते. याच दुकानातली सिलिकॉनची नळी त्यातल्या त्यात बरी, वर्षानुवर्षं मऊ राहते. पण तिला छोटा काप गेला की तो पुढे फाटत जातो, आणि पातळ भिंतीमुळे ती चिमटतेच.

सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मधाच्या रंगाची लॅटेक्सची नळी मिळते. हातात घेतल्यावर मन मोहून जातं. तिच्याइतकी छान वळणारी आणि निपलवर चपखल बसणारी दुसरी नळी नाही. तात्पुरती चाचणी घ्यायला ती जरूर घ्या, कायमची बसवू नका. शुद्ध लॅटेक्सला उजेड, उष्णता आणि ओझोन हे तिन्ही सोसत नाहीत. आधी चिकट होतं, मग चिरतं. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या सक्शन पंपात कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो, त्यामुळे मोटरजवळची नळी सगळ्यांत आधी जाते. सलाइनच्या सेटची नळी तर बघूही नका, तिची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या न्यूमॅटिकच्या दुकानांत निळी, काळी, पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) नळी मीटरवर मिळते. मापाला चोख, दिसायला देखणी, मशिनवर आयुष्य काढणारी. पियानोलात मात्र तिचा जाच होतो. ती दाबाच्या हवेसाठी, पुश-फिटिंगमध्ये बसण्यासाठी बनवलेली असते, म्हणून कडक असते. निपलवर चढवताना जोर लागतो आणि जुन्या बारचं निपल झाळणीतून उखडतं. काही पीयू पावसाळी दमटपणात काही वर्षांनी चिकट होऊन तुटतं, तेही ध्यानात घ्या. विक्रेता हमखास ‘दहा बारला टेस्टेड आहे’ असं सांगतो. आपल्याला त्याचं काही नाही. पियानोलातलं सक्शन जोरात वाजवतानाही ४० इंच पाण्याच्या आसपास, म्हणजे एक मीटर पाणी, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा. एवढ्यात नळी पिचकत नाही. जाड भिंत हवी ती वळणासाठी.

ड्रिपची दुकानं ही नाशिकची खासियत. दिंडोरी रोड, पेठ रोड, मार्केट यार्डाची बाजू, द्राक्षबागायतदार जिथे सामान भरतात तिथे ४ मिमीची मायक्रोट्यूब किलोमीटरने पडलेली असते. ती पॉलिइथिलिनची, ताठ; आपल्या कामाची नाही. पण तिथेच मिळणारे ४ मिमीचे जॉइनर, टी आणि एल्बो हे काम सोपं करणारं सामान आहे. काटेदार तोंडं, एका पाकिटात शंभर, आणि किंमत अगदी किरकोळ. ज्या यंत्रात स्टॅक (व्हॉल्व्ह आणि सूर वाजवणारे छोटे भाते यांचा एकत्र संच) वेगळा काढावा लागतो तिथे नळी मध्येच कापून जॉइनर घातला तर पुढच्या वेळी ८८ निपलांना हात न लावता स्टॅक बाहेर येतो. एक खबरदारी घ्या: काही जॉइनरच्या मध्यभागी साच्याचा पातळ पडदा राहिलेला असतो. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून आरपार पाहा आणि २.५ मिमीचं बिट हाताने फिरवून मोकळा करा. नाहीतर तो सूर मुका होतो आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यातली मोटार स्पेअरची दुकानं लहान कामासाठी आमच्या यादीत वर आहेत. तिथे दोन गोष्टी मागा: काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची रबरी नळी, आणि इंजिनाची व्हॅक्यूम नळी. दोन्ही ईपीडीएम या कृत्रिम रबराची मिळू शकतात, आतून ३.५ ते ४ मिमी. ईपीडीएमला ऊन, ओझोन, म्हातारपण यांचा त्रास फार कमी. पण दिसायला सगळ्याच काळ्या, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. दुचाकीच्या पेट्रोलची नळी नायट्राइलची असते. पेट्रोल सोसते पण ओझोनने तिच्यावर बारीक चिरा पडतात. व्हॅक्यूम नळीची बाहेरची जाडी बहुधा ८-९ मिमी निघते, म्हणजे ती पेडल, रिवाइंड आणि गव्हर्नरच्या (रोलचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) नळ्यांना ठीक, ट्रॅकर बारला नाही. दाराशी उन्हात टांगलेलं बंडल देत असतील तर आतलं मागा. दुकानाच्या उघड्या दारावर सहा महिने उन्हात तापलेल्या नळीचं निम्मं आयुष्य विकत घेण्याआधीच गेलेलं असतं.

याच दुकानांतली हीटरची नळी आम्हाला मनापासून आवडते. पंपापासून वाइंड मोटरकडे (हवेवर चालून रोल फिरवणाऱ्या मोटरकडे) आणि स्टॅककडे जाणाऱ्या मोठ्या नळ्या पाऊण, एक, सव्वा इंचाच्या असतात. मूळ नळी कापड गुंडाळलेल्या रबराची असे. गाडीच्या हीटरची कापडी विणीची ईपीडीएम नळी तिच्या जागी बिनबोभाट बसते, आतून गुळगुळीत असते, आणि काळा रंगही जुन्या यंत्रात खुपत नाही. काही जण शेतीपंपाची हिरवी सक्शन नळी किंवा व्हॅक्यूम क्लीनरची गुंडाळीदार नळी लावतात. पहिली वळत नाही. दुसरीच्या आतल्या वळ्यांवरून हवा घासत जाते, सक्शन घटतं आणि हळुवार सुरावटीत शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. फायदा काहीच नाही.

आणि मग ट्रॅकर बारच्या नळीचा खरा उपाय: अंबडमधले रबर एक्स्ट्रूजनचे छोटे गाळे. दारं-खिडक्यांची पट्टी, गॅस्केट, कॉर्ड काढणारे हे लोक डाय (बाहेरचा आकार देणारा साचा) आणि पिन (आतलं भोक ठेवणारी) असली तर ४ बाय ७ ची नळी काढून देतात. मागणी अशी सांगा: काळी ईपीडीएम, ५० ते ५५ शोअर (रबराच्या कडकपणाचं माप), पेरॉक्साइड क्युअर (पेरॉक्साइडने पकवलेली), आयडी ४, ओडी ७, फरक जास्तीत जास्त ०.३ मिमी. पेरॉक्साइडचा आग्रह फुकाचा नाही. रबर साधारणपणे गंधकाने पकवतात. त्यातला मोकळा गंधक पितळेतल्या तांब्याशी जुळून काळा थर धरतो, नळी निपलला चिकटते आणि पुढच्या दुरुस्तीत निपलसकट निघते. जुन्या यंत्रात निपलवर जो काळा, खरखरीत लेप दिसतो तो हाच.

गाळ्यात भाव किलोवर असतो आणि ‘कमीत कमी पाच किलो’ अशी अट ऐकू आली की माणूस मागे सरतो. हिशेब करून पाहा. ४ बाय ७ ची ईपीडीएम नळी मीटरला ३० ग्रॅमच्या जरा वर भरते. म्हणजे एका यंत्राचे ४० मीटर सव्वा किलोत आले आणि पाच किलोत चार यंत्रं निघाली. पुणे-मुंबईकडच्या एक-दोन मालकांना सोबत घेतलं की अट जाचक राहत नाही.

पूर्ण माल उचलण्याआधी एक मीटर नमुना घ्या. धारदार ब्लेडने सरळ काप मारून तोंड भिंगाखाली पाहा. भोक मधोमध आहे का? एका बाजूला भिंत २ मिमी आणि दुसरीकडे १ मिमी असेल तर डाय नीट बसवलेली नव्हती. अशी नळी पातळ बाजूने चिमटते. मग नळी २० मिमी जाडीच्या दांड्याभोवती वळवा, ती चपटी होता कामा नये. शेवटी नळीचा तुकडा घासून चकचकीत केलेल्या पितळेच्या पट्टीवर चढवून झाकणाच्या बाटलीत आठवडाभर गच्चीवर ठेवा. पट्टी काळवंडली तर गंधक आहे, मग पेरॉक्साइड म्हणून कोणीही सांगो. एवढ्या परीक्षेला उतरलेल्या मालाला आम्ही ५ पैकी साडेचार गुण देऊ. अर्धा गुण कापला तो आतल्या पावडरीसाठी.

ती पावडर म्हणजे टाल्क. एक्स्ट्रूजनच्या वेळी नळीच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत फुंकतात. ती तशीच राहिली तर सक्शनबरोबर व्हॉल्व्हच्या पेटीत जाते आणि ब्लीड बुजवते. ब्लीड म्हणजे पाऊचखालची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या चामड्याच्या पातळ पडद्याखालची) पोकळी पुन्हा रिकामी करणारं बारीक छिद्र, साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचं. ते बुजलं की कागदाचं छिद्र पुढे गेलं तरी पाऊच खाली बसत नाही आणि सूर रेंगाळतो किंवा अडकूनच बसतो. म्हणून नळी कापण्याआधी दोन-दोन मीटरचे तुकडे करून कोरड्या हवेने फुंका, कापसाचा छोटा बोळा हवेने आरपार काढा, आणि तोंडाजवळ काळा कागद धरून पावडर पडते का ते पाहा. गाडीच्या टायरवाल्याकडची हवा घेऊ नका, त्यात पाणी आणि तेल असतं.

बसवताना क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात. जुनी नळी काढण्याआधी फोटो, आणि मंद्राच्या टोकाकडून १ ते ८८ चिठ्ठ्या. नळी ओढायची नाही. लांबीच्या दिशेने ब्लेड लावून चिरायची आणि सालीसारखी सोलायची. ओढली की निपल हलतं. पितळेवरचा काळा थर बारीक स्कॉच-ब्राइटने घासून, स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. त्या वेळी निपलाच्या तोंडात कापूस कोंबून ठेवा, म्हणजे चुरा आत जात नाही. नवी नळी चढत नसेल तर तोंडाला स्पिरिटचं बोट लावा. ते उडून जातं. तेल, व्हॅसलिन, सिलिकॉन स्प्रे यांपैकी काहीही नको. सिलिकॉन एकदा लाकडावर गेलं की सरस धरत नाही. काही यंत्रांत कागद सरळ चालावा म्हणून ट्रॅकर बारच डावी-उजवीकडे सरकतो. तिथे नळ्यांना ढील ठेवा, नाहीतर बार एका टोकाला गेल्यावर कडेच्या नळ्या ताणून निसटतात.

चाचणीही एकेका सुराची. छिद्रावर चिकटपट्टी लावून सगळं बंद करा आणि पंप चालवा; एकही सूर वाजता कामा नये. वाजला तर त्या नळीत किंवा निपलच्या बुडाशी गळती. मग पट्टी एकेक छिद्रावरून उचला. सूर वाजला नाही किंवा दबकत वाजला तर नळी चिमटली आहे किंवा जॉइनर बंद आहे. शेजारचाच सूर वाजला तर दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे, आणि ती एका जागी झाली की पुढच्या सगळ्या एकेने सरकलेल्या असू शकतात. वाजून थांबत नसेल तर ब्लीड पाहा. सक्शन मोजायला महागडा गेज लागत नाही. मत्स्यालयाची ती नाकारलेली पारदर्शक नळी इथे कामाला येते: यू आकारात फळीवर ठोकायची, रंगीत पाणी भरायचं, पट्टी लावायची, मॅनोमीटर तयार.

शिशाच्या नळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. काही कंपन्यांनी लांबच्या टप्प्यांना शिशाची नळी वापरली. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं पांढरं पडतं आणि ती पूड आतही साचते. ती विषारी आहे. सॅंडपेपर लावायचा नाही, तोंडाने फुंकायचं नाही. हातमोजे आणि मास्क घालून, ओल्या फडक्याने पुसत, अख्ख्या नळ्या काढून बंद पिशवीत ठेवा. भंगारवाल्याला उघड्या पोत्यात देऊ नका, घरात मुलं असतील तर काम बाहेर करा. त्यांच्या जागी रबरी नळी चालते, पण लाकडातल्या भोकात पितळेचा एल्बो बसवावा लागतो. तयार एल्बो नाशकात मिळत नाहीत. भांडी बाजार आणि तांबट लेनच्या परिसरात पितळेचं काम करणारे कारागीर आहेत. त्यांना पितळेच्या बारीक नळीचा नमुना नेऊन दिला तर काटकोनात वळवून देतात. वळवण्याआधी नळीत बारीक वाळू ठासून भरायला सांगा, नाहीतर कोपरा चपटा होतो. भोकात बसवताना घट्ट चपडा लावा: सूक्ष्म गळती बंद होते आणि पुढे स्पिरिटने सुटतो. अॅरल्डाइट लावलेला एल्बो काढायचा म्हणजे लाकूड फोडायचं.

उरलेली नळी सैल वेटोळं करून काळ्या पिशवीत, मोटर आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. पिशवीवर मापाबरोबर गाळ्याच्या बिलाचा नंबर आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी ‘तीच द्या’ म्हणून चालत नाही, कंपाउंड (रबराचं मिश्रण) कोणतं होतं ते बिलावरूनच निघतं.